चंद्रकळेपुढचं फूल

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझी फुलं काळोखातून वर आल्यासारखी दिसतात आणि माझ्या ब्रह्मकमळामागे वॉशिंग मशीन!" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी.

मागे काळं कापड टांगलं की झालं, असं मलाही वाटायचं. संक्रांतीनंतर तुझी चंद्रकळा साडी मागून आणली होती ना, ती दारावर सोडली, पुढे पांढऱ्या लिलीचा दांडा ठेवला, ट्यूबलाइट लावली आणि फोटो काढला. चंद्रकळा आली राखाडी. रेशमाची चमक, घडीच्या रेघा, एका ठिकाणी डांबरगोळीचा चुरासुद्धा! आणि लिलीचा नुसता पांढराफटक डाग. पाकळीवरची एक शीर दिसेल तर शपथ.

घोळ कॅमेऱ्याच्या समजुतीत असतो. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के परत पाठवणारं, असं तो धरून चालतो. बहुतेक चौकट काळी दिसली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो वाढवत सुटतो. तिथे त्याला दटावायचं. तुझ्या फोनवर फुलावर बोट दाबून धर, सूर्याची खूण येईल, ती खाली ओढत जा. पाकळीवरच्या रेघा दिसायला लागल्या की थांब. तोवर मागचं निम्मं बुडालेलं असतं.

उरलेलं निम्मं बुडतं अंतरानं. दिवा फुलापासून अर्ध्या फुटावर आणि भिंत दिव्यापासून चार फुटांवर असली, तर भिंत आठपट लांब. पण तिथला उजेड आठपट नाही, चौसष्टपट कमी. एवढं साधलं की पांढरी भिंतही काळी येते, कापड लागतच नाही. मी मात्र आधी मीटरभर काळी मखमल विकत आणून बसलो. मखमल उजेड गिळते खरी, पण धुळीचा कणही चांदणीसारखा मिरवते.

काळोखातलं फूल कसं दिसावं ते बघायचं तर, इमोजेन कनिंगहॅम नावाची एक अमेरिकन फोटोग्राफर होती. घरात तीन लहान मुलं, त्यातली दोन जुळी. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून ती परसातल्या झाडांचे फोटो काढू लागली. 1925च्या सुमाराचा तिचा कॅलाच्या दोन फुलांचा फोटो मिळाला तर बघ. पांढऱ्याला काठाकडे सावली चढत जाते, मागे काळोख. हल्ली फोनमधलं अ‍ॅप मागचं पुसून काळं करून देतं, पण ते फूल कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मला नाही पटत.

तुझ्या ब्रह्मकमळाला तर रात्र आयतीच मिळते. लोंबती कळी हंसासारखी मान वर उचलू लागली की त्या दिवशी घरीच थांब. आठनंतर उमलायला लागेल, मध्यरात्रीकडे पूर्ण. बाल्कनीतला दिवा घालव. फोनचा फ्लॅश नको, नाइट मोडही नको. तो काही सेकंद उजेड गोळा करत राहतो, तेवढ्यात वाऱ्यानं फूल हलतं आणि मशीन पुन्हा उजळतं. काकांच्या हातात टॉर्च दे, त्यावर बटर पेपर धरायला सांग, आणि बाजूनं, किंचित मागून उजेड पाड. पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतील. मधल्या पुंकेसरांच्या झुपक्यातून चांदणीसारखं टोक बाहेर येतं, नेम तिथे धर. पहाटेपर्यंत फूल मान टाकतं, तेव्हा चहा आधीच करून ठेव.

आता कबुली. त्या लिलीचे पराग चंद्रकळेच्या काठावर सांडले. नुसते चिकटपट्टीनं उचलायचे असतात, हे नंतर कळलं. मी ओल्या फडक्यानं पुसले. काठावर रुपयाएवढा केशरी डाग आहे. काकांना सांगू नकोस.

तुझा भाचा