गर्दीची होडी

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, तोंडांतील नळीनें श्वास घेत समुद्राच्या तळाशीं उतरावयाचें, यास स्कूबा म्हणतात. ही हौस आतां आपल्या कोंकण किनाऱ्यासही लागली आहे. गेल्या नाताळच्या सुटींत मीं मालवणास हा अनुभव दोनदां घेतला. एकदां माणसांनीं भरलेल्या होडींतून व एकदां चौघांच्या लहान होडींतून.

भरल्या होडीचा सर्व कारभार घड्याळावर चालला होता. एक वर आला कीं दुसरा खालीं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ इतके पाय एकदम हालत होते कीं वाळू उसळून पाणी गढूळ झालें. शेजारचा एक मुलगा भ्याला होता. पण त्यास भिण्याइतकीही सवड कोणी दिली नाहीं.

दुसऱ्या दिवशींच्या वाटाड्यानें आम्हांस आधीं कमरेएवढ्या पाण्यांत उभें करून श्वास शिकविला. विद्यार्थ्यांनो, बॉइलचा नियम तुम्ही पाठ करितां. दहा मीटर खालीं दाब दुप्पट होतो. तेथें भरलेली छाती तशीच कोंडून वर आल्यास आंतील हवा दुप्पट होऊं पाहते व फुप्फुस फाटूं शकतें. म्हणून श्वास कधींही रोखावयाचा नाहीं. हें सांगावयास वेळ लागतो, आणि समजलें कीं नाहीं हें पाहावयास त्याहून अधिक. खालीं आम्ही एका खडकापाशीं निवांत राहिलों, तेव्हां लपलेले मासे एकेक करून बाहेर आले. निघतांना, आम्ही चौघेच असूनही, त्यानें प्रत्येकास नांवानें हाक मारली. रोज हजेरी घेणाऱ्या मला त्याचें फार कौतुक वाटलें.

कारण हजेरी चुकली तर काय होतें, हें ऑस्ट्रेलियांत दिसलें आहे. जानेवारी १९९८ मध्यें ग्रेट बॅरियर रीफवर २६ उतारूंची होडी एका अमेरिकन दांपत्यास समुद्रांतच सोडून परतली. त्यांचें सामान होडीवर तसेंच आहे हें लक्षांत येईपर्यंत दोन दिवस उलटले होते. तीं दोघें पुन्हां सांपडलीं नाहींत.

मोठ्या जहाजास सरसकट नांवें ठेवणें मात्र अन्यायाचें होईल. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर आंग्रिया ही बुडालेली प्रवाळभूमि आहे. तेथें लहान होडी नेणें वेडेपणाच. शिवाय स्वतंत्रपणें जाणें म्हणजे एकट्यानें जाणें नव्हे. पाण्याखालीं जोडीदार हवाच.

पालकांनीं पैसे देण्यापूर्वीं एवढें विचारावें, एका वाटाड्यामागें माणसें किती? होडीवाला कां कूं करूं लागला, तर मुलांस त्या दिवशीं किल्लाच दाखवून आणावें.