ठमी आणि तिची हद्द

आमच्या ठमीने घर आणि बाहेर असा भेद कधी मानलाच नाही. दापोली तालुक्यातलं आमचं घर कौलारू. पडवीच्या गजांतून, न्हाणीच्या मोरीकडून, नाहीतर माळ्यावरच्या सरकलेल्या कौलातून, तिला यायला-जायला कुठूनही वाट होती. अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग. असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याला गुणसूत्र कशाला बघायला हवं? नखरा दिसतोच आहे."

मुंबईची भाची सुट्टीत आली की वाद ठरलेला. तिचं मांजर सातव्या मजल्यावर, गॅलरीला जाळी, खिडकीला जाळी. "मावशी, हिला तू अशी मोकळी कशी सोडतेस गं?" तिथे तिचं बरोबरच आहे. समोर कबुतर बसलं की मांजराला मजला आठवत नाही. पण आमच्या घराला चारी बाजूंनी उजेड आणि वारा; कोंडून कोंडणार कुठे? शिवाय माडावर अर्ध्यापर्यंत चढून खारीला शिव्या घालणारी ठमी पाहिल्यावर तिला खोलीत ठेवायची कल्पनाही करवत नसे. मग मोकळीक द्यायची तर तिची राखणही आपणच करायची, असं आमच्या घरात न बोलता ठरलं.

पहिली राखण दिवेलागणीची. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि हा वाघ अंगणातलं कुत्रं सहज उचलतो; मांजर म्हणजे त्याचा एक घास. पंचाईत अशी की मांजराला नेमका संध्याकाळचा आणि पहाटेचा संधिप्रकाशच बाहेर बोलावतो. म्हणून सकाळी थोडंसं आणि मुख्य जेवण तिन्हीसांजेला, असा नेम सासूबाईंनी लावला. सुकटीचा डबा खुळखुळवला की ठमी पोफळीच्या बागेतून शेपटी उभारून धावत यायची. जेवण झालं की माजघराचं दार बंद. कोपऱ्यात राख-वाळूची पाटी आणि निजायला चुलीचा कोमट वैल. सुरुवातीला रात्रभर दाराशी आरडाओरडा केला. सासूबाई ढिम्म. पुढे पुढे डबा वाजवायला उशीर झाला तर तीच उंबऱ्याशी येऊन कुरकुर करी.

पाच-सहा महिन्यांची झाल्यावर तालुक्याला नेऊन शस्त्रक्रिया करून घेतली. एक वेत होऊ द्यावं, असं सासूबाईंना वाटत होतं. त्याची काही गरज नसते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा गप्प बसल्या. माजावर आलेली मांजरी लांब भटकते, मागे बोके लागतात, मारामाऱ्या होतात आणि चाव्यांतून रोगही पसरतात. ते सगळं टळलं आणि ठमीची हद्द आखली गेली. इकडे जांभ्याचा गडगा, तिकडे विहीर, मागे पोफळी आणि चौथ्या बाजूला शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर. रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्यायची. त्या दिवशी तिला पिशवीचा वास कसा लागायचा, देव जाणे.

गडग्याची मला फार काळजी. जांभ्याच्या फटींत फुरसं बसतं आणि रंगाने दगडात असं मिसळतं की माणसालाही दिसत नाही. पावसाच्या आधी गडग्यावरचे वेल ओढून काढायचे, पायथ्याचा पालापाचोळा झाडायचा, लाकडं भिंतीला लावून रचायची नाहीत. हे काम माणसांसाठी करायचंच असतं. ठमीमुळे ते वेळेवर होऊ लागलं. मांजराचा पंजा चपळ खरा, पण दर वेळी तोच जिंकेल असं थोडंच आहे!

खरा घोर होता आंब्याच्या फवारणीचा. कोकणात मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी औषध मारावंच लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं त्याचं वेळापत्रकही असतं. काकूंची कलमं गडग्याला लागून. औषध गवतावर उतरतं, गवतातून मांजर चालतं आणि मग निवांत बसून पंजे चाटतं. त्या औषधांतली काही पायरेथ्रॉइड गटातली असतात. कुत्र्याला जेवढं सोसतं तेवढंही मांजराला सोसत नाही, कारण त्याच्या यकृताला ती द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. म्हणून कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही मांजराला लावायचं नसतं. काकूंना हे सांगायला मी गेले तेव्हा त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "म्हणजे आता मांजराला विचारून औषध मारायचं?" त्यांचा ठमीवर आधीच राग होता. एकदा तिने त्यांचा तळायला काढलेला बांगडा पळवला होता, आणि ती दिसली की काकू पाण्याचा तांब्या घेऊनच उठत.

पण त्याच मोसमात एका सकाळी गडग्यापलीकडून हाक आली, "अगो, आज औषध मारतायत हां! मांजरीला घे आत!" पुढे ही हाक दर फवारणीला येऊ लागली. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ठमी आत. बाहेर सुटली तर ओल्या फडक्याने पाय पुसायचे. उंदरांच्या विषाचंही तसंच. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराला आयता मिळतो आणि विष त्याच्या पोटात जातं. वाडीतल्या चार घरांत फिरून मी पिंजऱ्यांचा आग्रह धरला. दोघांनी ऐकलं, एकाने हसून उडवून लावलं. काकूंनी ऐकलंच, वर माझ्याकडून पिंजरा नेला तो परत दिला नाही.

एकदा ठमी पेंगुळलेली दिसली तर काकू ताप उतरायची गोळी घेऊन आल्या, पाव तुकडा देऊया म्हणाल्या. मी आधी डॉक्टरांना फोन लावला, तर ते फोनवरच ओरडले. पॅरासिटामॉल मांजराला थोडंसंही घातक. कारण तेच, यकृत. काकू हातातली गोळी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि माणसं म्हणतात, मांजराला नऊ जन्म असतात!"

तिच्या एका वागण्यावर मात्र माझा इलाज पुरता चालला नाही. सापसुरळ्या, क्वचित एखादा दयाळ पायरीवर आणून ठेवायची. भाचीने सांगितलं की इंग्लंडात एक्सेटर विद्यापीठाने 2021 साली शेकडो मांजरांवर अभ्यास केला. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. सासूबाईंना टक्क्यांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी सुतळीला कोंबड्याचं पीस बांधलं आणि पडवीत बसून ठमीला रोज नाचवू लागल्या. पक्षी कमी झाले. सापसुरळ्या होत्या तशाच.

चौदाव्या वर्षी ठमीची मूत्रपिंडं थकली. पाणी फार पिऊ लागली, वाळली. माड सुटला, मग गडगा, मग पोफळी. हद्द आक्रसत पडवीच्या उन्हापर्यंत आली. आम्ही तिची वाटी आणि पाटी तिथेच आणली. उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली.

पावसाळ्यानंतर काकूंनी माहेरून एक पिवळा बोका आणला. उंदरांसाठी, म्हणाल्या. त्याचं नाव पिंट्या. काकू त्याला बांगड्याचं डोकं भरवतात आणि आमच्याकडे येऊन त्याची शस्त्रक्रिया कधी करायची ते विचारतात. पण दिवेलागणीला पिंट्या कलमाच्या फांदीवर बसलेला आणि काकू खाली हाका मारमारून थकलेल्या, हे रोजचंच. परवा त्या सुकटीचा डबा मागायला आल्या. "तुमचाच द्या," म्हणाल्या, "आमच्या डब्याचा आवाज त्याला पटत नाही."