देवळावर चढलेलं ओझं

जुन्या देवळाची पाहणी आटोपत आली की पुजारी नाहीतर पंच कमिटीतलं कोणीतरी हळूच विचारतं, "भाऊ, भूकंप आला त देऊळ टिकन का जी?" विचारणाऱ्याच्या आवाजात भीती क्वचितच असते. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे कुठला आलाय भूकंप, हे त्याच्या मनात पक्कं असतं.

मी किल्लारीचं नाव घेतो. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तिथे भूकंप झाला, तेव्हा तो मुलूख भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. 2002मध्ये तो पट्टाच नकाशातून गेला. शिवाय आपल्या सातपुड्यात 14 मार्च 1938ला मोठा धक्का नोंदलेला आहे, आणि 22 मे 1997ला मध्यरात्रीनंतर जबलपूर हादरलं, ते जमिनीखाली पस्तीसेक किलोमीटरवरून. इतक्या खोलातली हालचाल वरून बघून कोणाला कळणार? म्हणून मी जमिनीचं भाकीत करत नाही. इमारत बघतो.

तरी पायाखालचा दगड ओळखावाच लागतो. पांढुर्ण्याकडे काळा बेसाल्ट. सौंसरजवळ मॅंगनीज आणि संगमरवर पोटात असलेला कितीतरी जुना खडक, ज्याला भूगर्भशास्त्रात सौंसर मालिकाच म्हणतात. बेसाल्टाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट थर असतो. पाणी त्यावरून वाहतं, वरचं सुटं होतं. डोंगराच्या कुशीतलं देऊळ असेल तर मी गाभाऱ्याआधी मागचा उतार चढतो. झाडांचे बुंधे वाकलेत का, वर धनुष्यासारखी भेग पडलीय का, यंदाच नवा झरा फुटलाय का, रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलाय का. 30 जुलै 2014ला माळीणमध्ये दरडीखाली दीडशेवर माणसं गाडली गेली, त्यानंतर तर उतार बघितल्याशिवाय कागदावर काही लिहावंसं वाटत नाही.

भेगांचंही तसंच. सगळ्या भेगा भूकंपाच्या दृष्टीनं घाबरण्यासारख्या नसतात. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरची भिंत तिच्यासोबत उघडते-मिटते. संत्र्याच्या बगीच्याचं पाणी एका बाजूच्या पायाशी मुरत असेल तर आणखी गंमत. भेगेवर जिप्समनं काचपट्टी चिकटवायची, तारीख लिहायची, आणि निदान एक उन्हाळा-पावसाळा थांबायचं. हा जुना उपाय मला महागड्या यंत्रांइतकाच भरवशाचा वाटतो. कमिटीला मात्र अहवाल पुढच्या एकादशीला हवा असतो.

खरा धोका बहुतेक वेळा वर असतो. जुन्या देवळाची भिंत म्हणजे बाहेरून-आतून घडीव दगड आणि मध्ये भरताड. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्यात ते एकमेकांना सोडतात. हातोडीनं हलकं ठोकलं की पोकळ आवाज येतो. हा दोष बांधणाऱ्यांचा. बाकीचा आपला. सभामंडपावर सिमेंटचा स्लॅब, भिंतींना मार्बल, ऑइलपेंटचे थर (आतली ओल बाहेर निघू नये याची पक्की सोय!), आणि गच्चीवर पाण्याची टाकी. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो, म्हणजे आपण भक्तीनं जोर वाढवून ठेवतो.

इटलीत असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये 26 सप्टेंबर 1997ला छत कोसळलं. शतकानुशतकांच्या छपरदुरुस्तीचा मलबा कमानींच्या पाठीवर साठत गेला होता. चौघं मेली. त्यांतले दोघे रात्रीच्या पहिल्या धक्क्याचं नुकसान तपासायला आत गेलेले, माझ्याच धंद्यातले लोक. धक्क्यानंतर कोणी "जरा आत येऊन बघता का" म्हटलं की मला ते आठवतात.

कोणत्या देवळाचं काम आधी, याचे गुण देताना मी दगडाइतकीच माणसंही मोजतो. रानातलं ओसाड हेमाडपंती देऊळ आणि शनिवारी रांग लागणारं मारुतीचं देऊळ, दोन्हींची भेग सारखी असली तरी पहिलं काम मारुतीकडेच. पुरातत्त्ववाल्यांशी यावरून माझं पटत नाही. त्यांना नक्षीकाम आधी दिसतं, आणि त्यांचंही चूक नाही.

मग अहवाल वाचला जातो. स्लॅब काढा म्हटलं की बैठक गप्प होते, कारण स्लॅबखाली देणगीदाराची पाटी असते. मार्बलवर तर आईवडिलांच्या स्मरणार्थ अख्खं घराणं कोरलेलं. टाकी तेवढी पुढच्या आठवड्यात खाली येते. तिच्यावर कोणाचं नाव नसतं.