एक सही, दोन कायदे

वसईत आमच्याकडे लग्नाची मिस्सा संपली की नवरानवरीला साक्रिस्तीत, म्हणजे वेदीलगतच्या खोलीत, नेतात. टेबलावर नोंदवही उघडी असते. आधी त्या दोघांच्या सह्या, मग साक्षीदारांच्या, शेवटी फादरांची. बाहेर बँड वाजत असतो, फोटोवाला हाका मारत असतो. त्या गडबडीत कुणाच्या मनातही येत नाही, की वेदीसमोर जो संस्कार झाला तोच आता १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली सरकारदरबारी विवाह म्हणून नोंदला गेला. बांधताना चर्च आणि सरकार एकाच टेबलावर बसतात. सोडवायची वेळ आली, की दोघांचे रस्ते वेगळे.

माझ्या मावसबहिणीमुळे मला हे कळलं. ताईचं लग्न १९८७ चं. नवऱ्याला दारूचं व्यसन आहे हे सोयरीक जुळवताना लपवलं गेलं. तिसऱ्या महिन्यात पहिला मार बसला, दीड वर्षाने ती माहेरी आली. कॅथलिकांत घटस्फोट नाही, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकलेले. मावशी तर तो शब्दही घरात उच्चारू देत नसे. शेवटी एका फादरांनी सांगितलं, की चर्च विवाह मोडत नाही, पण तो मुळात विवाह झाला होता का, हे तपासतं.

मुंबईतल्या चर्चच्या न्यायमंडळापुढे ताईचं प्रकरण गेलं. तिथे एक बंधरक्षक असतो. विवाह वैध आहे असं म्हणायला जे जे कारण असेल ते पुढे मांडणं, हे त्याचं काम. ताईला वाटलं होतं, आपली उलटतपासणी होणार. पण समोरच्या वयस्कर फादरांनी तिला बोलू दिलं. ‘आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मध्येच थांबवलं नाही,’ असं ती आजही सांगते. त्या वेळी एका निकालाने भागत नसे. वरच्या न्यायमंडळाला तोच निकाल पुन्हा द्यावा लागे. ही अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढली. १९९३ साली दोन्ही निकाल ताईच्या हातात आले. संमती फसवून घेतली गेली होती, सबब विवाह झालेलाच नव्हता. चर्चच्या लेखी ताई मोकळी होती.

सरकारच्या लेखी नव्हती. ख्रिस्ती जोडप्यांना तेव्हा १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होता, १८५७ च्या इंग्लिश कायद्यावर बेतलेला. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याला घटस्फोट. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याला क्रूरता किंवा परित्याग अशी जोड द्यावी लागे. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिलाच, तर उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो कायम करायचा. ताईचा नवरा पीत होता, मारत होता, पण दुसरी बाई नव्हती. ‘त्याने व्यभिचार केला असता तर काही करता आलं असतं,’ असं वकील म्हणाले. हे वाक्य घरात आईवडिलांसमोर ऐकावं लागणं काय असतं, ते मी पाहिलं आहे. इंग्लंडने आपल्या कायद्यातला हा भेद १९२३ मध्येच काढून टाकला होता.

पुढच्याच वर्षी शेजारच्या गावातल्या एका विधुराचं स्थळ आलं. माणूस सरळ होता. चर्च लग्न लावायला तयार. पण पहिलं लग्न कायद्याने उभं असताना दुसरं केलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. केरळमधल्या मॉली जोसेफ खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं: चर्चने विवाह रद्द ठरवला तरी न्यायालयाच्या हुकमाशिवाय तो कायद्याने संपत नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात व्यभिचाराची ती जुनी अट घटनाबाह्य ठरवली आणि बायकोला केवळ क्रूरतेवरून घटस्फोट मागता येऊ लागला. संसदेला कायदा बदलायला २००१ उजाडलं. ताईचा हुकूम १९९९ मध्ये हाती आला. त्या विधुराने दोन वर्षं आधीच दुसरीकडे लग्न केलं होतं.

त्या वर्षांत माझा सगळा राग सरकारवर होता. इतकी बारकाईने चौकशी करून चर्चने निर्णय दिला, तो मानायला न्यायालयाचं काय जातं? पुढे क्लॅरेन्स पायस या याचिकाकर्त्याने नेमकी हीच मागणी सर्वोच्च न्यायालयात नेली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती फेटाळली गेली. तोवर माझं मत बदललं होतं. न्यायालयाचं बरोबर होतं, असं मला ठामपणे वाटतं. चर्चचं न्यायमंडळ सदसद्विवेकाचा प्रश्न सोडवतं. पोटगी, मुलांचा ताबा, राहतं घर यांबद्दल त्याचा शब्द कुठेच चालत नाही. आणि राज्याने चर्चला आपला हात उसना दिला की काय होतं, ते गोव्याने पाहिलं आहे. पोर्तुगालने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला, पाठोपाठ १९४६ च्या फर्मानाने चर्चच्या विवाह रद्द करण्याच्या निर्णयाला कायद्याचं बळ मिळालं. पण चर्चमध्ये लग्न करणाऱ्याने नागरी घटस्फोटाचा हक्क सोडला, असंही त्याच वेळी धरलं गेलं. पोलिसाच्या धाकाने टिकलेल्या लग्नाला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायद्याने माणसाचं प्रत्येक पाप निषिद्ध करू नये, असं तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते चर्चचेच आचार्य.

म्हणून चर्चचा प्रश्न जुनाट झाला, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या आळीतली एक मुलगी परस्पर संमतीने वेगळी झाली. कोर्टाने कारण विचारलं नाही. २००१ नंतरचा कायदा ते मागतही नाही. त्या अब्रू झाकणाऱ्या मौनाची मला कदर आहे. पण ती मला म्हणाली, ‘सगळं संपलं, आणि काय झालं होतं ते कुणी ऐकलंच नाही.’ तिने चर्चकडे अर्ज केला नाही, नोंदणी पद्धतीने दुसरं लग्न केलं. चर्चच्या लेखी तिचं पहिलं लग्न अजून उभं आहे, म्हणून आता रविवारी सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठतात, तेव्हा ती बाकावर बसून राहते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये अशा जोडप्यांना सोबत घेऊन, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पारखण्याची वाट दाखवली. त्यावर आमच्या चर्चमध्ये मी अजून एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

लग्नाआधी प्रत्येक जोडप्याला चर्चच्या मार्गदर्शन शिबिराला बसावं लागतं. प्रार्थना, संसार, मुलं, पैसा यांवर तिथे तासच्या तास बोललं जातं. माझं आमच्या धर्मगुरूंना एवढंच मागणं आहे, की त्यातला एक तास वकिलाला द्या. साक्रिस्तीतली सही कुठे कुठे पोचते, चर्चचा निकाल कुठवर चालतो, कोर्टाचा कुठून सुरू होतो, हे मुलामुलींना नोंदवहीपुढे उभं राहण्याआधी समजू द्या.