प्रिंटर कोणाचा?

प्रिंटर कंपन्यांची बाजू मी बरीच वर्षं मनापासून मांडत असे. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि नफा शाईतून काढायचा, हा व्यवहार मला सरळ वाटे. मग दुसऱ्या कुणाची कार्ट्रिज यंत्राने नाकारली, तर तक्रार कसली? सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी आदल्या दिवसापर्यंत चालणाऱ्या परक्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या. आत आधीच जाऊन बसलेल्या फर्मवेअरचं ते काम होतं. तेव्हाही माझं मत हललं नाही. दर्जा आणि सुरक्षितता ही कंपनीची कारणं मला पटत होती.

मत फिरलं ते २०२२ मध्ये, कॅननमुळे. चिपांचा तुटवडा पडला आणि ऑफिसातल्या काही यंत्रांसाठी कंपनीला चिप नसलेले टोनर पाठवावे लागले. यंत्रं ते ओळखेनात. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना कळवलं, की यंत्रावर येणारी सूचना बाजूला सारून छपाई चालू ठेवा. दर्जात फरक पडणार नाही, फार तर टोनर किती उरला ते नीट कळणार नाही. म्हणजे चांगल्या छपाईला चिप लागतच नव्हती. ज्या कारणावर मी इतकी वर्षं भिस्त ठेवली, ते कंपनीच्याच तोंडून निकालात निघालं.

वर्गणीला माझा आजही विरोध नाही. एचपीने २०२४ मध्ये अमेरिकेत प्रिंटरच महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाड्याची वस्तू, भाड्याच्या अटी. त्यात लपवाछपवी नाही. पण एचपी प्लस योजनेतला प्रिंटर आपण पैसे मोजून विकत घेतो, आणि तरीही तो कायम इंटरनेटला जोडलेला ठेवावा लागतो, आयुष्यभर कंपनीचीच शाई घालावी लागते. हे मला मान्य नाही. लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पेटंटला जे करता येत नाही, तेच आता चिप आणि फर्मवेअर करतात.

अटी काढल्या तर यंत्र महागेल, हे खरंच आहे. पण तोही व्यवहार चालतो. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडत होते. २०१० मध्ये एप्सनने तिथे टाकीसकट प्रिंटर विकायला काढला. यंत्र महाग, बाटलीतली शाई स्वस्त. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतही आज असे प्रिंटर सर्रास दिसतात. पुढचा प्रिंटर मी तसलाच घेणार आहे.