आधी कोरडं, मग ओलं

गोधडीवर तेल सांडलं की माझा उपाय ठरलेला असे: आधणाचं पाणी, धुण्याचा सोडा, साबणाची वडी आणि वरून धोपाटणं. सुती कापड कितीही मार सोसतं, अशी माझी पक्की समजूत होती आणि विचारेल तिला मी हेच सांगत आले. आता सांगत नाही.

आमच्या आदिलाबादेत थंडीच्या दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो. बेला, जैनथकडच्या मराठी घरांत जुनी लुगडी-धोतरं थरावर थर ठेवून, धावदोरा घालून गोधड्या शिवतात. तान्ह्याला तेल चोळून तिच्यावरच निजवतात, गुडघ्यांना तेल लावून म्हातारी माणसं तिच्यातच शिरतात. डाग पडायचेच.

माझं मत फिरलं ते या थरांमुळे. एका धुतलेल्या गोधडीची कड उसवली होती. वरचं लुगडं स्वच्छ, पण खालच्या धोतरावर तेलाचं पिवळं वर्तुळ चांगलं पसरलेलं. गरम पाण्याने तेल पातळ होतं आणि घासल्यावर खालच्या थरात उतरतं. सोड्याने जुन्या लुगड्याच्या लाल काठाचा रंगही सुटतो. त्यात बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी साबणाची करडी साय होते आणि ती धाग्यांत रुतून बसते.

म्हणून ताज्या डागाला आता मी आधी पाणी लावू देत नाही. थंडीत खोबरेल थिजलेलं असेल तर चमच्याच्या कडेने अलगद खरवडून घ्यावं. पातळ तेल फडक्याने टिपावं, घासू नये. मग डागावर ज्वारीचं पीठ किंवा टाल्कम पावडर जाड पसरावी. थोड्या वेळात पीठ गडद होतं, बोटाला ओलसर लागतं, त्याच्या गुठळ्या बनतात. ते झटकून नवं घालावं. पीठ कोरडंच राहू लागलं की खाली जुनं फडकं धरून नेमक्या डागावर भांड्याच्या लिक्विडचा थेंब बोटाने जिरवावा. जड पाण्यातही त्याची तशी साय धरत नाही. शेवटी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने फेस जाईपर्यंत टिपावं. डाग निघाल्याची खात्री झाली की मगच गोधडी उन्हात टाकावी.

कापसाच्या रजईची तर खोळच काढून धुवावी. आतला कापूस भिजला की त्याचे गोळे होतात, ओल आत राहून कुबट वास धरतो आणि कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागतो.

जुन्या डागाबद्दलही मी आता हट्ट धरत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन धाग्यांवर चिवट पापुद्रा धरतं, तो साबणाला दाद देत नाही. रेटून घासलं तर डागाआधी विरलेलं लुगडंच फाटतं. अशी गोधडी डागासकट वापरावी, हे आता मला मनापासून पटतं. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात, पेटही घेऊ शकतात.

आता कुणी उपाय विचारला की मी आधी विचारते: तेल कोणतं, डाग किती जुना, आणि खाली थर किती?