उमरीच्या आकाशातली पेटी

मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची गाडी मुदखेड सोडून पुढे निघाली की थोड्याच वेळात उमरी येते. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८ साली इथली बँक लुटली गेली, म्हणून इतिहासाच्या वाचकाला हे नाव ठाऊक असते. बाकीच्यांना फलाटावरच्या पाटीपुरते. मला इथे आणले ते वर्तमानपत्रातल्या एका लहानशा सूचनेने.

हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. प्लॅस्टिकच्या पातळ कापडाचे, हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तिथून रात्री-पहाटे सोडतात. थंडीच्या दिवसांत संस्था लोकांना कळवते, की रंगीत हवाई छत्रीला बांधलेली पेटी शेतात उतरली तर तिला हात लावू नये, उघडू नये, पोलिसांना किंवा डाकघराला वर्दी द्यावी. कुठे उतरेल? हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर, विशाखापट्टण, आदिलाबाद, सोलापूर अशा टापूत. नकाशावर आदिलाबादेपासून सोलापुरापर्यंत पट्टी ठेवून पाहा, ती जवळजवळ उमरीवरूनच जाते.

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादेहून गेलेल्या एका फुग्याखाली पोलादाच्या १६ निर्जंतुक नळ्या होत्या. आतली हवा काढून टाकलेली, बाहेरून द्रवरूप निऑनचा गारठा. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर एकेकीची झडप उघडायची, तिथली विरळ हवा आत शिरून गोठायची आणि झडप पुन्हा मिटायची. एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही, एवढे ध्यानात घ्या म्हणजे ही उंची कळेल. प्रयोगामागे होते आपले जयंत नारळीकर. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे मत असे, की जीवनाची बीजे धूमकेतूंबरोबर पृथ्वीवर आली. म्हणणे खरे असेल तर ती अजूनही पडत असली पाहिजेत. मग वरच जाऊन पाहावे, हा नारळीकरांचा रोखठोक विचार मला फार आवडतो.

हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत तपासणी झाली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. बहुतेक जिवाणू ओळखीचे निघाले, पण तीन जाती नव्या होत्या. २००९ साली त्यांची नावे जाहीर झाली : जानिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट. अतिनील किरणांपुढे त्या आपल्या भाऊबंदांपेक्षा चिवट ठरल्या.

भाऊबंद! घोडे तिथेच पेंड खाते. नवी जात म्हणजे परकी जात नव्हे. तिचे गोत्र पृथ्वीवरच्या जिवाणूंशी जुळते, तेव्हा खालून वर गेली असेल हेच मला अधिक संभवनीय वाटते. उलट बाजूचे लोक म्हणतील, खालचेच मुळात वरून आलेले, मग गोत्र जुळणारच! या युक्तिवादाला तोड नाही, आणि हीच त्याची पंचाईत आहे. संशोधकांनीही परग्रहाचा पुरावा मिळाला असा दावा केला नाही. त्यांनी काम पुढे चालावे एवढेच म्हटले.

जीवनाचे सामान मात्र आकाशातून येऊ शकते, यात आता शंका नाही. बेन्नू या लघुग्रहावरची माती अमेरिकेच्या यानाने २०२३ साली पृथ्वीवर आणली. सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ तिच्यात सापडली. दगडविटा आल्या म्हणजे घर आले असे नव्हे, हे कोणीही गृहस्थ सांगेल.

उमरीबाहेर एका कापसाच्या रानाच्या बांधावर मी हे सारे एका वयस्क शेतकऱ्याला सांगितले. पागोटे सावरीत त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "बी आभाळातून आलं म्हणता, सर. मग आभाळात कोणी पेरलं?"

विद्यापीठांतूनही याहून नेमका प्रश्न विचारला जात नाही. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले आणि तो प्रश्न अजून तसाच आहे. मी विषय बदलला. तशी पेटी उद्या तुमच्या रानात उतरली तर काय कराल?

"पोलीस पाटलाला कळवीन," तो म्हणाला. "उघडणार नाही. पण ती माणसं येईस्तोवर तिच्यापाशी बसून राहीन. ढोरं तोंड लावतील ना!"